हवेवर गेलेलं नाव

मार्च लागला की घरातला आवाज आपोआप खाली येतो. कुणाला सांगावं लागत नाही. मिक्सर दुपारऐवजी सकाळी फिरतो, भांडी जरा सावकाश ठेवली जातात, दारावर आलेल्या माणसाशी आपण उगाच कुजबुजतो. यंदा हे सगळं माझ्या घरात परत आलं आहे, कारण दादाची नात ईरा बारावीच्या परीक्षेसाठी माझ्याकडे राहायला आली आहे. मी एकटी राहते आणि निवृत्त मास्तरीण आहे, तेव्हा इथे शांतता आणि धाक दोन्ही मिळेल, असा तिच्या आईचा अंदाज होता. शांतता मिळते. धाकाचं काही खरं नाही.

परवा पाहिलं, तर ही कानात इयरफोनची बोंडं खुपसून गणितं सोडवत होती. मी नुसती दारात उभी राहिले. मास्तरणीचं उभं राहणं पुरतं.

"रेडिओ आहे आजी, एकदम धीमा," ती बोंडं न काढताच म्हणाली. "मला याच्याशिवाय पढाई होतच नाही."

ईराला मराठी सगळं समजतं. बोलायची वेळ आली की अर्ध्या रस्त्यात ती हिंदीच्या रिक्षात बसते. तिला मी रागावले नाही. रागवायचा हक्क मला नाही, कारण माझी स्वतःची बोर्डाची परीक्षा रेडिओमुळेच गाजली होती. ते तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण बाहेर निंबाची पानं तशीच गळताहेत, वाऱ्याला तोच कोरडा वास आहे, आणि तो मार्च आठवल्याशिवाय माझा कुठलाच मार्च जात नाही.

तेव्हा आम्ही जबलपूरच्या रांझीला राहायचो. बाबा फॅक्टरीत होते. अचलपूरकडून नोकरीसाठी आलेला माणूस, फिटर म्हणून लागला आणि तिथेच स्थिरावला. आमचा दिवस फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आई डबा भरायची, दुसऱ्याला बाबांची सायकल फाटकाबाहेर पडायची. क्वार्टरमध्ये दोन खोल्या, पुढे ओटा, मागे निंब. पुढच्या खोलीत भिंतीतल्या फळीवर रेडिओ. आईने त्याला दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं होतं. जुना व्हॉल्व्हचा सेट, बटण फिरवल्यावर लगेच बोलायचा नाही. आधी त्याचा हिरवा डोळा उजळायचा, मग आत काहीतरी तापायचं आणि खूप वेळाने, नाइलाज असल्यासारखा, आवाज यायचा. या बाबतीत रेडिओ आणि मी सारखे होतो. फरक एवढाच, की त्याचा आवाज शेवटी यायचा.

मी बोलत नसे. मुकी नव्हते, तोतरी नव्हते, डोक्याने बरी होते. पण माणसाचा चेहरा समोर आला की शब्द गळ्यापर्यंत येऊन परत फिरायचे. किराणा दुकानात पाठवलं तर मी मागच्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ देत उभी राहायची. एकदा आईने मीठ आणायला पाठवलं. दुकानदाराने आपल्या अंदाजाने "गुड़ चाहिए, बिटिया?" विचारलं आणि मी मान हलवली. गूळ घेऊन घरी आले. बाबा त्या दिवशी हसले नाहीत. ताटावर बसून म्हणाले, "या पोट्टीला मीठ मागता येत नाही. कसं होईल हिचं?"

तो गूळ संपला, पण ते वाक्य संपलं नाही. पुढची कितीतरी वर्षं माझ्याबद्दलचा कुठलाही निर्णय त्या वाक्यावर येऊन थांबायचा.

बाबांना नाद एकच होता, फर्माइशीचा. दर रविवारी सकाळी ते ओट्यावर पाट टाकून बसायचे आणि गाण्याच्या फर्माइशीचं पोस्टकार्ड लिहायचे. हिंदीत, अगदी वळणदार. आमच्याकडे त्या काळी एक समजूत होती, की कार्डावर नावं जितकी जास्त तितकं कार्ड लागायची शक्यता जास्त. त्यामुळे बाबा नावं ठासून भरत. स्वतःचं, नारायणराव गावंडे. दादाचं, सुधाकर. मग शेजारचे मिश्राजी, त्यांचे तिन्ही मुलगे. पलीकडचे पिल्लै साहेब आणि त्यांचा तीन महिन्यांचा मुलगा, ज्याचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. त्याला बाबांनी 'बेबी पिल्लै' करून टाकलं होतं. आणि शेवटी, "परिवार के सभी सदस्य". कार्ड लागलं की अनाउन्सर ती सगळी माळ एका दमात वाचायची आणि आमच्या ओळीतल्या चार घरांतून एकदम आवाज यायचे.

माझं नाव त्यात कधीच नसायचं. मी एकदा, फार लहान असताना, विचारलं होतं. बाबा म्हणाले, "पोरीबाळींची नावं हवेवर जाऊ देऊ नयेत, बापा. कोण ऐकून राहिलं, कुठे ऐकून राहिलं, आपल्याला काय माहीत." हा काही त्यांचा एकट्याचा नियम नव्हता. ओळीतल्या सगळ्याच घरांचा होता. मिश्राजींच्या मुलीही 'सभी सदस्य'मध्येच राहायच्या. तेव्हा मला त्याचं फारसं वाटलं नाही. पण बेबी पिल्लैचं नाव पहिल्यांदा लागलं, तेव्हा मात्र वाटलं. आणि खोटं काहून बोलू, चांगलंच झोंबलं.

अकरावी म्हणजे तेव्हाची बोर्डाची परीक्षा. मी विज्ञान घेतलं होतं आणि मला बी.एस्सी. करायचं होतं. रसायनशास्त्र मला आवडायचं, कदाचित त्यात परीक्षानळीशी बोलावं लागत नाही म्हणून. पण दिवाळीतच बाबांनी अचलपूरला आत्याला पत्र लिहून ठेवलं होतं. परीक्षा झाली की प्रमिलाला, म्हणजे मला, तिकडे पाठवतो, शिवणाचा वर्ग लावून दे, आणि चांगलं स्थळ निघालं तर बघ. मला हे आईकडून कळलं. आई म्हणाली, "कॉलेजचं मी काढलं होतं, पमे. ते म्हणतात, जिला मीठ मागता येत नाही, ती शहरातल्या कॉलेजात पोट्ट्यांमध्ये कशी टिकेल? आणि मला काही बोलता आलं नाही." आईलाही काय बोलता येणार? तो गूळही तिने मुकाट्याने संपवला होता.

बाबा दुष्ट नव्हते, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्यावर दात धरायचा. त्यांना माझी काळजी होती. फक्त काळजी करताना ते मला विचारायला विसरले, आणि मी सांगायला.

रेडिओवर मी गेले ती कुणाच्या तरी गालगुंडामुळे. आमच्या शाळेत हिंदीला शुक्ला बहनजी होत्या. शाळेतल्या सगळ्या बाईंना तिकडे बहनजीच म्हणतात. रेडिओ स्टेशनवर परीक्षेच्या दिवसांत तरुण मुलांसाठी दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम व्हायचा. त्यात मुलामुलींची पत्रं वाचून उत्तरं द्यायची होती आणि उत्तरं द्यायला एक विद्यार्थिनी हवी होती. बहनजींनी भाषणात बक्षिसं मिळवणारी मुलगी ठरवली होती. गुरुवारी रेकॉर्डिंग आणि बुधवारी तिचे दोन्ही गाल फुगले. बहनजी वर्गात आल्या, त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाल्या, "प्रमिला, तेरी हिंदी अच्छी है. तू चल." माझी हिंदी त्यांनी फक्त वहीत पाहिली होती. मी नाही म्हणू शकले नाही, कारण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

बहनजींना वाटलं, घरी माहीत आहे. मी त्यांना खोटं सांगितलं नाही, घरीही खोटं सांगितलं नाही. मी बोललेच नाही.

स्टुडिओचं दार जाड होतं आणि ते बंद झालं की जगच बंद व्हायचं. भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, खाली गालिचा. इतकी शांतता, की आपल्या पोटातली गुडगुड ऐकू यावी. टेबलावर हिरवं जाड कापड घातलं होतं, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून. कार्यक्रम करणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणत, मीही म्हटलं. मनात. दीदींनी पहिली गोष्ट सांगितली ती बांगड्या काढायची. काचेची बांगडी मायक्रोफोनला थाळी पडल्यासारखी ऐकू जाते म्हणे. मी चारही बांगड्या काढून बशीत ठेवल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. कागद टाचायचे नाहीत, वाचून झालं की पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. तिसरी गोष्ट, "लिखो सब. फिर पढ़ना मत, बोलना."

"किससे बोलूँ?" हे मी मोठ्याने विचारलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दीदी म्हणाल्या, "किसी से नहीं. यहाँ कोई नहीं है."

खरंच कुणी नव्हतं. लाल दिवा लागला. समोर जाळीदार डोक्याचा एक लोखंडी दांडा, त्याला ना डोळे, ना भुवया, ना 'गुड़ चाहिए?' विचारणारं तोंड. दीदींनी नाव विचारलं, ते रेकॉर्ड होत होतं. मला बाबांचा नियम आठवला. मी म्हटलं, "नर्मदा." त्यांनी विचारलं, "सिर्फ़ नर्मदा?" मी म्हटलं, "जी." तिलवाऱ्याच्या पुलावरून नागपूरला जाताना आई दर वेळी नदीला हात जोडायची, तेच नाव तोंडात आलं. मग दीदींनी पत्र वाचलं, भूगोल पाठ होत नाही असं काहीतरी. आणि मी बोलायला लागले. थांबले तेव्हा दीदी काचेपलीकडच्या माणसाकडे बघत होत्या आणि तो माणूस अंगठा दाखवत होता. माझी भीती बोलण्याची नव्हतीच. चेहऱ्यांची होती. हे कळायला मला सोळा वर्षं आणि एक गालगुंड लागलं.

गालगुंड बरं झालं, पण दीदींनी मलाच ठेवलं.

परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे रेडिओला सुटी असायची. फेब्रुवारीत बाबा त्यावरचं झाकण खाली ओढायचे आणि ते फक्त बातम्यांना वर जायचं. त्या वर्षी शनिवारीही जायला लागलं. "पोरांच्या कामाचा कार्यक्रम आहे," बाबा म्हणाले. "ऐकत जा, पमे." पहिल्या शनिवारी हिरवा डोळा उजळला, सेट तापला आणि खोलीत माझा आवाज आला. मी ओट्याच्या दारात पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तकात कुठलं पान होतं, विचारू नका.

बाबांनी ओळखलं नाही.

आज लोकांना हे पटत नाही. पण आपण आपल्या मुलांचे आवाज म्हणजे काय ओळखतो? त्यांच्या हाका, त्यांची भांडणं. माझा आवाज म्हणजे घरात एकूण 'हो', 'नाही' आणि 'वाढू?' एवढाच होता, तोही मराठीत. लांब लांब हिंदी वाक्यं बोलणारी, मध्येच हसणारी मुलगी त्यांनी या घरात कधी ऐकलीच नव्हती. ती त्यांच्यासाठी नवी होती आणि त्यांना आवडली. तिसऱ्या शनिवारी ते मिश्राजींना हाक मारून घेऊन आले. "सुनो मिश्राजी, ये लड़की क्या बोलती है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, तुझ्याच वयाची असेल. अशी बोलून राहिली जशी वकीलच. काही शीक हिच्याकडून."

मी म्हटलं, "हो."

आई आत भाकरी थापत होती. त्या वेळी तिची थाप थांबली होती, एवढं मला आठवतं. एका गुरुवारी मी बांगड्या स्टुडिओतच विसरले आणि आईने माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. तिने विचारलं नाही. तिने ओळखलं होतं का, हे मीही तिला कधी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची चांगली तालीम होती.

हळूहळू पत्रांतला अभ्यास कमी झाला. जिल्ह्यातल्या पाटणहून, शहपुऱ्याहून मुलींची पत्रं येऊ लागली. दीदी ती निवडून ठेवत. पत्राखाली नाव बहुतेक नसायचंच, नुसतं 'एक छात्रा'. शहपुऱ्याच्या एका मुलीने लिहिलं होतं, की आठवीनंतर शाळा बंद करणार आहेत, कारण काही सांगत नाहीत. मी बोलले ते आठवतं, कारण ते मला बोलता बोलताच सुचलं होतं. मी म्हटलं, कारण विचार. हट्ट नको करू, रडू नको, जेवण सोडू नको. फक्त विचार, का? आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच उभी राहा. विचारणं म्हणजे उलट बोलणं नाही. दीदींनी ते रेकॉर्डिंगमधून काढलं नाही.

शनिवारी बाबा ते ऐकून मान डोलवत म्हणाले, "बरोबर बोलून राहिली पोट्टी. बापाने कारण तं सांगितलंच पाहिजे."

त्या वेळी मला हसू आलं नाही. राग आला. इतका, की ओट्यावरून उठून मी मागे निंबाखाली गेले आणि बराच वेळ पानं गोळा करत बसले. शहपुऱ्याच्या मुलीला धीर देणारी मी स्वतः आत्याकडे जायची ट्रंक बघत होते. खाटेखालची ट्रंक आईने पुसून ठेवली होती. आणि सगळ्यात चीड कशाची, तर बाबांची अडचण मला पूर्ण कळत होती. त्यांना बोलणारी मुलगी हवी होती. ती होती. दर शनिवारी त्यांच्याच फळीवर होती. पण मीच ती, हे सांगायचं तर नाव हवेवर न्यायचं, नियम मोडायचा आणि त्यांचा सगळ्या ओळीसमोर पोपट करायचा. नाही सांगायचं, तर अचलपूर.

परीक्षा सुरू झाली. शेवटचं रेकॉर्डिंग पेपरांच्या मधल्या गुरुवारी होतं. त्याच्या आदल्या रविवारी मी बाबांच्या कोऱ्या पोस्टकार्डांतलं एक उचललं, निंबाखाली बसून लिहिलं आणि सोमवारी शाळेच्या वाटेवरच्या डब्यात टाकलं. गुरुवारी दीदींच्या हातात ते कार्ड होतं. ते ऐनवेळी आल्यामुळे त्यांनी आधी वाचलेलं नव्हतं, वाचता वाचता त्यांचा आवाज जरा हळू झाला.

"रांझी, जबलपुर से प्रमिला गावंडे, पिता श्री नारायणराव गावंडे. नर्मदा दीदी, मैं बी.एससी. करना चाहती हूँ. बाबा कहते हैं कि जिसे दुकान में नमक माँगना नहीं आता, वह कॉलेज में क्या करेगी. आप क्या कहती हैं?"

लाल दिवा चालूच होता. मी म्हटलं, मी काय सांगणार, हे पत्र माझंच आहे. नर्मदा असं कुणी नाही. प्रमिला मीच आहे. आठ शनिवार मी बोलते आहे आणि बाबा ऐकताहेत. त्यांनी परवाच सांगितलं, की बापाने कारण सांगितलंच पाहिजे. म्हणून विचारते आहे, का?

दिवा विझल्यावर दीदींनी कार्ड अलगद बाजूला सरकवलं. मग बाहेर येऊन त्यांनी मला टेप दाखवली, तपकिरी फीत, आणि तिच्याशेजारी ठेवलेलं ब्लेड. नको तो भाग त्या ब्लेडने कापायच्या आणि दोन टोकं चिकटवायच्या, कुणाला कळतही नसे. "घर में पता है?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "तो सोच ले. शनिवार दोपहर तक बहनजी से कहलवा देना. मैं काट दूँगी."

शनिवारी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर होता. तो कसा लिहिला ते माझ्या हाताला ठाऊक. बाहेर आले तर फाटकाशी शुक्ला बहनजी उभ्या. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, 'कटवा दीजिए.' बहनजींनी विचारलं, "पेपर कैसा गया?" मी म्हटलं, "अच्छा." त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मीही थांबले. मग सायकलवर बसून घरी आले. जन्मभर माझ्या न बोलण्याने माझं नुकसानच केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ठरवून गप्प बसले.

संध्याकाळी ऊन उतरताना बाबांनी झाकण वर केलं. दादा दुसऱ्या पाळीला गेला होता. मिश्राजींना बोलवायला बाबा निघालेच होते, पण ते कुठे गावाला गेले होते. देव असतो की नाही माहीत नाही, पण मिश्राजींना गावाला पाठवणारा कुणीतरी असावा. हिरवा डोळा उजळला. दीदींनी कार्ड वाचलं. 'पिता श्री नारायणराव गावंडे' ऐकल्यावर बाबा सवयीने हसले, कार्ड लागलं की हसायचे तसे. मग ते हसू तिथेच राहून गेलं.

बाबा उठले आणि त्यांनी रेडिओच्या बटणावर हात ठेवला. आई पिठाच्या हातानेच बाहेर आली होती. "राहू द्या," ती म्हणाली. बाबांनी बटण फिरवलं नाही, हातही काढला नाही. माझं बोलणं संपलं, दीदींनी निरोप घेतला, बाजारभाव सुरू झाले, तरी हात तिथेच.

मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिंदीत काहून विचारलं?"

मी उठून समोर उभी राहिले.

"लोकांसमोर विचारलं, सगळ्या जिल्ह्यासमोर विचारलं. चलो, ठीक आहे. मी घरी होतो नं? मला काहून नाही विचारलं?" आणि मग पाटावर बसत ते म्हणाले, "आता विचार. मराठीत विचार."

समोर चेहरा होता. डोळे होते, भुवया होत्या, भुवयांत फॅक्टरीची काळी धूळ होती. शब्द गळ्यापर्यंत आले आणि नेहमीसारखे परत फिरले. लाल दिवा नव्हता, हिरवं कापड नव्हतं. आई मध्ये पडली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. माझा हात आपोआप मनगटाकडे गेला आणि मी बांगड्या काढून जमिनीवर ठेवल्या. बाबा चक्रावून त्या बांगड्यांकडे बघू लागले, आणि ते खाली बघत होते तेवढ्यात मी म्हणाले,

"बाबा, मी कॉलेजात काहून नाही जायचं?"

आवाज फाटका होता. रेडिओवरचा तर मुळीच नव्हता. पण वाक्य पूर्ण होतं.

बाबांनी वर पाहिलं. "आता कारण राहिलं नाही," ते म्हणाले. आणि मग, "आत्याला पत्र तूच लिही. मला लाज वाटते."

एवढंच. गळ्यात पडणं वगैरे आमच्याकडे नव्हतं. आईने विचारलं, भाकरी वाढू का, आणि बाबा म्हणाले, वाढ. मी रडले, पण ते नंतर, आत्याला पत्र लिहिताना. ट्रंक आईनेच परत खाटेखाली सारली. पुढे मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, याच शहरात तेहतीस वर्षं वर्गासमोर उभी राहून बोलले. पहिल्या वर्षी तासाआधी बांगड्या काढून टेबलावर ठेवायची, मुलींना वाटायचं ही कुणाला तरी मारणार.

ओळीत चर्चा झाली नाही, असं नाही. मिसेस पिल्लै आईला म्हणाल्या, लड़की का नाम ऐसे रेडियो पर... आईने ते वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. अनोळखी मुलाचं एक पत्रही आलं, बाबांचा नियम अगदीच निराधार नव्हता. बाबांनी ते वाचून बंबात टाकलं आणि म्हणाले, अक्षर घाणेरडं आहे.

निकाल लागला तेव्हा जूनचं तापलेलं ऊन होतं. मी पहिल्या वर्गात आले. त्या रविवारी बाबा पाट टाकून ओट्यावर बसले आणि फर्माइशीचं कार्ड लिहिलं, कुणाला दाखवलं नाही. दोनेक आठवड्यांनी ते लागलं. आम्ही सगळे जेवत होतो. अनाउन्सरने माळ वाचायला घेतली. नारायणराव गावंडे, सुधाकर गावंडे, आणि मग, स्पष्ट, थांबून, प्रमिला गावंडे. बेबी पिल्लैच्याही आधी. दादाने माझ्या पाठीत गुद्दा मारला. बाबा ताटाकडे बघत घास चिवडत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. मला इतका आनंद झाला, की गाणं कुठलं लागलं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

"...और परिवार के सभी सदस्य," अनाउन्सर म्हणाली.

आई वाढत होती. तिच्या हातात वरणाचं भांडं होतं. ती तशीच उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात, मीठ हवं का विचारावं तशी, म्हणाली,

"माझं नाव काहून नाही टाकलं?"

कुणालाच काही बोलता आलं नाही. बाबांना नाही, दादाला नाही, आणि आठ शनिवार अख्ख्या जिल्ह्याला 'विचारा' सांगणाऱ्या मला तर मुळीच नाही. बेबी पिल्लैचं नाव ऐकून जळणाऱ्या मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं, की त्या कार्डावर आणखी एक नाव नसतं.

पलीकडच्या खोलीत ईराने आत्ताच कानातली बोंडं काढली. म्हणते, "आजी, काय लिहून राहिल्या तुम्ही, इतनी देर से?" नाव लिहिते आहे, मी म्हटलं. तेव्हा पुढच्याच रविवारी आईचं नाव बाबांनी कार्डावर लिहिलं होतं, सगळ्यांच्या वर, पण ते कार्ड कधी लागलं नाही. म्हणून इथे लिहिते. रांझी, जबलपूरहून, वत्सला गावंडे.